ताटाबाहेरचं पळसाचं पान

सौंसरला मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत असे, त्या काकूंकडं पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा ताटात मीठ नव्हतं. ताटाच्या डाव्या हाताला, खाली फरशीवर, पळसाचं एक पान मांडलेलं होतं, आणि त्या पानावर चिमूटभर मीठ, भाताची लहानशी मूद आणि गुळाचा खडा हे तिघं पंगतीतून उठवल्यासारखे बसले होते. वाढताना चूक झाली असावी असं समजून मी मीठ उचललं आणि ताटात ठेवू लागलो.

"आहां! थे तिथंच राहू द्या सायेब," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "थे बाहेरचं आहे."

"माफ करा," मी म्हणालो. कशाबद्दल, ते मला ठाऊक नव्हतं. पण माफी मागणं ही माझी फार जुनी सवय आहे.

"माफी कायची मांगून राहिले? मीठ का तुमी बनवलं?"

त्यांच्या घरचा नियम मला पुढं कळला. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी आणि वरून भुरभुरलेला सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, हे सगळं त्यांच्या वावरात पिकलेलं, म्हणून ताटात. भात, गूळ आणि मीठ बाजारातून आलेलं, म्हणून पानावर. खायला मनाई मुळीच नव्हती. भात कितीही मागावा, काकू हात न आखडता वाढत; मात्र तो पानावरच पडे आणि पानावरूनच उचलावा लागे. चहाला पान उपयोगाचं नसल्यामुळं कप हातात देताना त्या दर वेळी न चुकता म्हणत, "घ्या. हा बी पावनाच आहे."

काकू आता नाहीत. सौंसरही माझं सुटलं. पांढुर्णा जिल्हा झाला आणि माझी बदली तिकडं झाली. परंतु अजूनही जेवायला बसलो की डाव्या हाताची रिकामी जागा माझ्या नजरेस पडते, आणि ताटातलं नेमकं काय आपलं आहे, असा एक अवघड प्रश्न मनात येऊन जातो.

मी पटवारी. माझं काम रेघांचं. बाप गेला की मुलं येतात, भाऊ भांडले की वकील येतात, आणि शेवटी नकाशा उलगडून रेघ ओढायला मी येतो. रेघ सरळ आली, दोन्हीकडचं क्षेत्र जुळलं, की काम चांगलं झालं असं मी अनेक वर्षं मानत आलो. त्या सरळ रेघेच्या एका बाजूला विहीर राहिली आणि दुसऱ्या बाजूला तहानलेली झाडं, तर त्याचा विचार करण्याची जबाबदारी माझी नव्हती. ती खरोखरच नव्हती. तरीही संध्याकाळी खोलीवर परतताना मी काहीसा ओशाळलेला असे, आणि काकूंना ते माझ्या चालण्यावरून समजत असे.

"आले लकीरवाले सायेब," त्या ओट्यावरून हाक देत. "आज कोनाच्या वावराचे दोन केले?"

"काकू, मी करत नाही. ते करायला सांगतात."

"मंग हात कोनाचे चालते? त्याईचे?"

यावर मी "माफ करा" म्हणत असे आणि त्या खदखदून हसत असत.

काकू बुटक्या, रुंद बांध्याच्या आणि खणखणीत आवाजाच्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ होती आणि ती त्यांनी निष्ठेनं पाळली. त्यांच्या घरात कांदासुद्धा एकादशीला दिसत नसे. पदराच्या टोकाला नेहमी एक गाठ असायची, आणि गाठीत पैसे नसून बिया असायच्या. कुठल्या बिया, ते त्या दिवसावर अवलंबून. लग्नाला गेल्या तर आहेराबरोबर नवरीच्या ओंजळीत दोडक्याच्या बिया टाकत. नागपूरच्या बसची वाट पाहता पाहता एकदा त्यांनी स्टँडच्या मागच्या भिंतीपाशी बोटानं भोक पाडून कोहळ्याची, म्हणजे आमच्याकडच्या लाल भोपळ्याची, बी खुपसली. पावसाळा संपता संपता त्या भिंतीवर कोहळी लटकू लागली, तेव्हा बसची वाट पाहणाऱ्या अनोळखी माणसांना त्या हुकूम सोडत: "थे पिवळं पडू द्या. मंग तोडा. अन् वेलाले झटका नोका देऊ, त्यालेबी कंबर असते!" लोक त्यांना वेडं समजत, आणि कोहळं मात्र पिवळं पडेपर्यंत कोणी तोडत नसे.

शहर संपल्यावर, नाल्याच्या अलीकडं, त्यांचं वावर होतं. पूर्वी तिथं नुसती संत्री होती. नवरा होता तोवर त्यानं एका झाडामागं दुसरं झाड लावून सगळी बागच केली होती. तो गेला, आणि त्याच्या मागोमाग एका हिवाळ्यात गारपीट झाली. फळ गेलं, पानं गेली, साली फाटल्या. काकू सांगत की त्या दिवसांत पंगतीला बसल्यावर त्यांनी ताटाकडं पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की यातला एकही घास आपला नाही. वावर एवढं मोठं, आणि ताटात त्यातलं काहीच नाही.

"तवा म्हनलं, आता उलटं करू," त्या म्हणत. "लोक आधी वावर पाह्यते न मंग काय खाव ते ठरवते. मी आधी ताट पाह्यतो."

म्हणजे त्या काय करीत, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. उन्हाळवाही, म्हणजे उन्हाळ्यातली नांगरट, उरकली, ढेकळं तापू लागली, की एका सकाळी त्या आपलं अंगण सारवून घेत. खडूनं वावराचा आकार काढत. तो आकार माझ्या नकाशाशी कधीच जुळला नाही, कारण विहीर त्यांना प्रिय असल्यामुळं ती फार मोठी निघे. मग घरातल्या प्रत्येकाला एकेक करून विचारत: यंदा ताटात काय पाहिजे? मोठ्या मुलाला जवस हवा असे. सूनबाईला अंबाडी. माझी मेथीची आवड त्यांनी कधी हेरली कोणास ठाऊक. पण भाडेकरूचीसुद्धा एक ओळ त्या वावरात असायची, विहिरीच्या पाटाच्या कडेनं. ज्याचं जे असेल त्याचे दाणे त्या त्या जागी मांडले जात. संत्र्याच्या झाडांसाठी लिंबं. गाईंसाठी जुन्या चपला, कारण त्या कुठंही फिरत. संत्र्याच्या ओळींमध्ये बरबटी, म्हणजे चवळी, आणि भुईमूग, कडेनं तूर, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेवगा आणि करवंद. कोणाचं शेण कोणत्या झाडाला, कोणाची सावली कोणावर, कोणत्या पिकाचा कडबा कोणाच्या गव्हाणीत, हे सगळं त्या अंगणात बसून सुनेशी वाद घालत ठरवत.

"आत्याबाई, तिथंसा वांगे नोका लावू. मांगच्या वर्षी तिथंच अळी पडली होती." सासूला आत्याबाई म्हणणाऱ्या सूनबाई बोलायला हळू, पण हटायला तयार नसत.

"मंग वांगे कुठी न्यावं? तुह्या माहेरी?"

"माह्या माहेरी नेलं तर वापस नाई येनार. तिथले लोक चांगले खाते."

एकदा मांडणी पुरी होऊन काकू पाणी प्यायला आत गेल्या आणि शेजारची कोंबडी वावरात शिरली. तिनं ज्वारी खाल्ली, तीळ खाल्ले, थोडी बाजरी खाल्ली. सरकी आणि सोयाबीन मात्र चोचीनं उलटंपालटं करून तसंच टाकलं. मोठा मुलगा दगड घेऊन धावला. काकूंनी त्याला थांबवलं आणि कोंबडीचं होईपर्यंत कंबरेवर हात ठेवून पाहत राहिल्या. त्या वर्षी कापूस नावापुरता राहिला आणि सोयाबीन तर पेरलंच नाही. "कोंबडीनं पास नाई केलं," असं त्यांनी बियाणं विकणाऱ्याला तोंडावर सांगितलं. सोयाबीनला त्या वर्षी चांगला भाव आला, हेही मला नमूद केलं पाहिजे. मोठ्या मुलानं ते आईला बऱ्याच वेळा ऐकवलं. "मंग कोंबडीले जाऊन बोल," एवढंच उत्तर त्याला मिळालं.

त्यांचं सगळंच जमलं असं मी म्हणणार नाही. संत्र्याच्या सावलीत लावलेली हळद कुजली. भात पानावरून ताटात आणायचाच या जिद्दीनं त्यांनी विहिरीच्या सांडपाण्यावर धान लावलं, आणि हंगामभर खपून एका भांड्याची खिचडी होईल एवढा तांदूळ मिळाला. त्यांनी ती खिचडी केली आणि गल्लीला बोलावलं. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घास आले. काकू प्रत्येकाच्या पुढं उभ्या राहून विचारत होत्या, "कसा आहे? आपला आहे." जेवण संपल्यावर पाणी पीत त्या मला म्हणाल्या, "सायेब, भात बाहेरच बरा. पावन्यासारखा येऊन जाते न खुश ठेवते." त्यानंतर भात पानावर सुखानं राहिला. हरणं त्यांना चांगलं जमत असे. मला ते कधी जमलं नाही, म्हणून मी फारसं काही लावलंच नाही.

मी हे सगळं कौतुकानं पाहत होतो, पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. काकूंना धाकटा मुलगाही होता. तो पांढुर्ण्याला एका दुकानात कामाला होता आणि तिथंच खोली घेऊन राहत असे. सुटीला यायचा, मान खाली घालून जेवायचा, आईच्या पाया पडून परत जायचा. अंगणातली मांडणी मात्र नेहमी तो नसतानाच होत असे. ताटात जवस होता, अंबाडी होती, परक्या पटवाऱ्याची मेथी होती; धाकट्याचं म्हणावं असं काहीही नव्हतं, आणि हे कोणी बोलून दाखवत नव्हतं.

बोलला तो शेवटी धाकटाच, आणि तो कागदावर बोलला. त्यानं वाटणीचा अर्ज दिला. अर्धं वावर त्याला वेगळं पाहिजे होतं; तिथं तो पुन्हा नुसती संत्री लावून बाग ठेक्यानं देणार होता. अर्ज फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. मी दुसऱ्या कोणाकडं सोपवण्याचा प्रयत्न केला, पण हलका, म्हणजे पटवाऱ्याकडं नेमून दिलेला टापू, माझा होता आणि काम मलाच करावं लागणार होतं.

त्या संध्याकाळी काकूंनी मला 'लकीरवाले' म्हटलं नाही. मी ओट्यापाशी येऊन उभा राहिलो.

"कवा मोजता?" त्यांनी विचारलं.

"काकू, मला माफ करा."

"आज मांगा. आज मांगाल तर चालते," त्या म्हणाल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या पुढं म्हणाल्या, "विहीर एकीकडं जाईन. गोठा दुसरीकडं जाईन. अर्ध्या वावरात माह्यं ताट नाई बसत, सायेब."

काकूंचं त्या दिवशी काय पणाला लागलं होतं, ते मला त्या वाक्यात पूर्ण समजलं. जमीन कोणी नेणार नव्हतं. पण एकाचा कडबा दुसऱ्याच्या गाईला, त्या गाईचं शेण तिसऱ्याच्या झाडाला, अशी जी वीण त्यांनी इतकी वर्षं घातली होती, ती माझ्या एका सरळ रेघेनं उसवणार होती.

मोजणीच्या दिवशी काकूंनी वावरात रोडगे लावले. तिकडं वावरात पाहुणा आला की गोवऱ्यांच्या विस्तवात गव्हाचे रोडगे भाजायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण, हा रिवाज आहे. पण जमीन मोजायला आलेल्या माणसासाठी रोडगे लावलेले मी आजवर दुसरीकडं कुठंही पाहिले नाहीत. आंबिया बहाराची संत्री उतरवून झाली होती. झाडांखाली पोतं अंथरलेलं होतं. दोन्ही भाऊ एकमेकांकडं न बघता बसले होते. काकूंनी मध्ये एकच ताट मांडलं: रोडगा, भाजी, वरण, चटणी, मेथी, संत्र्याच्या फोडी. बाजूला पळसाचं पान आणि त्यावर मीठ.

"ओढा सायेब," त्या म्हणाल्या.

"काय काकू?"

"लकीर. यावर ओढा आधी. लहान्याले कोनतं जाते, मोठ्याले कोनतं जाते, मले पाहू द्या. मंग वावरात ओढजा."

मी जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, हातात धरून उभा राहिलो. ताट मोजायचं शास्त्र मला ठाऊक नव्हतं.

"माफ करा, ताटावर जरीब चालत नाही," मी म्हणालो.

धाकटा हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "सायेब, तुमी कायले माफी मांगता? मी सांगतो न लकीर कुठून जाते." त्यानं संत्र्याच्या दोन फोडी उचलल्या. "हे माह्यं. बाकी सारं त्याईचं. मले एवढं पुरते."

"रोडगा नाई पायजे तुले?" मोठा भाऊ गुरगुरला.

"तुह्या गव्हाचा? नाई पायजे."

"विहीर माह्याकडं आली तर तुह्ये झाडं काय देवाच्या भरवश्यावर जगतीन?"

"मी बोअर मारीन."

काकूंचा डाव फसला होता. ताट मध्ये ठेवलं की पोरं शहाणी होतील असं त्यांना वाटलं होतं. पण पोरगा दोन फोडी घेऊन उठायला तयार होता. त्यांचा चेहरा उतरला. आणि मग मी धाकट्याला अगदी हळू आवाजात विचारलं, "या ताटात तुम्हाला काय हवं होतं?"

तो माझ्याकडं पाहतच राहिला. मग आईकडं वळला.

"आई, सायेबानं इचारलं पाय. परका मानूस आहे. तू इचारलं कवा? भाऊले इचारलं, वहिनीले इचारलं. कोंबडीले इचारलं! या सायेबाच्या मेथीले बी वावरात जागा आहे. मले कवा इचारलं तू?"

"तुले काय पायजे थे मले मालूम होतं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी प्रथमच इतका खाली आलेला ऐकला. "म्हनूनच नाई इचारलं."

विस्तवात एक रोडगा करपल्याचा वास आला, आणि सूनबाई उठून तो उलटायला गेल्या.

घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट मला तेव्हा समजली. धाकट्याला मासोळी आवडत असे. लहानपणी नाल्यात टोपली लावून बसायचा आणि मार खायचा. पांढुर्ण्याला दर बाजारच्या दिवशी तो मासोळी आणून स्वतः रांधायचा. गळ्यात माळ असलेल्या आईच्या ताटात ती येणं शक्य नव्हतं. आणि ज्या घरात वावर ताटावरून ठरत होतं, तिथं ज्याच्या आवडीला ताटात जागा नाही त्याला वावरातही जागा उरली नव्हती. काकूंनी हे कधी योजून केलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारायचं टाळलं होतं. पुष्कळ घरांच्या वाटण्या मी केल्या. आता वाटतं, त्यांतल्या बऱ्याच माझी जरीब येण्याआधीच अशा एखाद्या न विचारलेल्या प्रश्नापाशी होऊन गेलेल्या होत्या.

त्या दिवशी मोजणी झाली नाही. धाकटा संध्याकाळच्या गाडीनं गेला. मी कागदावर पुढची तारीख लिहिली. काकूंनी सगळं अन्न बांधून घरी आणलं आणि स्वतः जेवल्या नाहीत.

पुढं काही दिवस त्या ओट्यावर दिसल्या नाहीत. हाक नाही, टोमणा नाही. पदराची गाठ सोडलेली. सूनबाईंनी मला सांगितलं, "माळ हातात धरून बसते. म्हने, देवाशी बोलून राहिलो." मग एका सुटीच्या सकाळी मी दार उघडलं तर अंगण सारवलेलं होतं. मांडणीचे ते दिवसच नव्हते; हिवाळा अजून सरायचा होता. तरीही खडूचं वावर निघालं होतं, लिंबं मांडली होती, चपला फिरत होत्या. आणि नाल्याकडच्या सखल कोपऱ्यात, जिथल्या संत्र्यांना पाणी साचून नेहमी डिंक्या लागायचा आणि खोडातून डिंक गळायचा, तिथली लिंबं उचललेली होती. त्यांच्या जागी घरातली मोठी परात काठोकाठ पाण्यानं भरून ठेवली होती.

"काकू, हे काय?"

"तळं."

"ओलितासाठी?"

"ओलिताले विहीर आहे." त्या माझ्याकडं न बघता एक चप्पल गोठ्याकडं सरकवत होत्या. "तिथले झाडं अशीबी मरूनच राहिले. मातीले पानी धरून बसाची हौस आहे तिथं, तर बसू द्या तिले. गाळ निंगन, थो झाडाले जाईन. उन्हाळ्यात पानी खाली गेलं की काठानं काकड्या होतीन. अन् पानी काय नुसतं राह्यते? त्यात काई ना काई राह्यतेच."

"काय राहतं, काकू?"

त्यांनी मान वर केली. "तुमाले लय इचारता येते न आजकाल! लहान्याले इचारा."

'मासोळी' हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही. त्या 'तळ्यातलं पीक' म्हणत. मी पांढुर्ण्याला कामासाठी गेलो असताना धाकट्याच्या दुकानात जाऊन परातीबद्दल सांगितलं. तो गिऱ्हाइकाला सामान बांधून देत होता. दोरा हातातच राहिला.

"कोनती परात? लग्नातली मोठी?"

"मोठी."

"काठोकाठ भरली?"

"काठोकाठ."

"तिच्यानं उचलतबी नाई थे," तो म्हणाला आणि बराच वेळ दोऱ्याची गाठ मारत राहिला.

तळं उन्हाळ्यात खोदलं गेलं. धाकटा दर सुटीला येऊ लागला. मोठा भाऊ आधी दुरून पाहत असे, मग सल्ले देऊ लागला, आणि एकदा सल्ला मानला जात नाही असं पाहून स्वतःच फावडं घेऊन उतरला. दोघं चिखलात उभे राहून काठाच्या उतारावरून इतके कडाडून भांडले की काकू समाधानानं घरी परतल्या. पाऊस येऊन तळं भरलं, तेव्हा धाकट्यानं रोहू-कतला या माशांचं बीज आणून सोडलं. तोवर मी तारखा पुढं ढकलत आलो होतो; त्यानंतरच्या तारखेला तो माझ्या टेबलासमोर आला आणि म्हणाला, "सायेब, थो अर्ज राहू द्या सध्या." त्या 'सध्या'वर मी बोट ठेवलं नाही. माझ्या नोकरीत मी जे थोडे कागद आनंदानं बंद केले, त्यांत तो एक आहे. वावराचा नकाशा अजूनही अखंड आहे. त्यावर ओढायची राहून गेलेली रेघ हे माझ्या हातून घडलेलं सगळ्यांत नेटकं काम असावं, असं मला कधी कधी वाटतं.

तळ्यातलं पहिलं पीक निघालं त्या दिवशी मलाही बोलावणं होतं. काकूंनी व्यवस्था पक्की केली होती. चूल तळ्याच्या पलीकडल्या काठावर. भांडी वेगळी, आणि ती घरी यायची नाहीत. तिथंच झाडाच्या फांदीला टांगायची. वारा कुठून वाहतो, ते त्यांनी सकाळीच पदर हवेत धरून पाहून ठेवलं होतं. अलीकडल्या काठावर शेवग्याखाली त्या तळ्याकडं पाठ करून बसल्या, पुढं आपलं ताट आणि डावीकडं पळसाचं पान घेऊन. मी आणि सूनबाई त्यांच्यापाशी बसलो. पलीकडं दोन भाऊ चुलीवर वाकलेले होते आणि जन्मात कधी मासोळीला हात न लावलेला मोठा धाकट्याला मसाला किती घालावा ते शिकवत होता.

काकू भाकर मोडत होत्या, पण त्यांचे कान मागं होते. पलीकडचं बोलणं थांबलं, चमच्याचा आवाज आला, कोणीतरी फुंकर घालून चव घेतली. काकूंचा घास हातातच थांबला.

"काऊन रे," त्या मान न वळवता ओरडल्या, "मीठ बरोबर आहे का?"

"अळनी आहे सारं," पाण्यावरून धाकट्याचा आवाज आला. "आमी आनलंच नाई मीठ!"

काकूंनी घास ताटात ठेवला. शेजारचं पळसाचं पान दोन्ही हातांनी अलगद उचललं, त्यावरचं मीठ सांडू नये म्हणून त्याचे काठ वर दुमडले आणि पाठ तशीच ठेवून ते माझ्यापुढं धरलं.

"सायेब, नेऊन द्या त्याले," त्या म्हणाल्या. "अन् पान तिकडंच राहू द्या. वापस नोका आनू."